घोड्याचं सामान घालून पाहताना आणि परत करताना

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत मी पहिल्यांदा खोगीर घ्यायला गेलो, तेव्हा विकणाऱ्या चाचांनी ते मला रात्रभरासाठी जांगड दिलं होतं. "घोडीवर टाकून बघा. बसलं तर सकाळी पैसे द्या, नाही बसलं तर आणून द्या." ओळख ना पाळख, तरी इतकं सरळ बोलणं. राहुटीवर आलो आणि नवं चामडं कडक लागलं म्हणून त्याला खोबरेल चोळलं. सकाळी बघतो तर खोगीर घोडीच्या खांद्यात रुततंय. परत द्यायला गेलो, तोवर बदामी चामडं काळपट पडलेलं. चाचा भांडले नाहीत. खोगिरावरून हात फिरवून म्हणाले, "आता हे नवं म्हणून कुणाला देऊ?"

मी पूर्ण पैसे दिले आणि न बसणारं खोगीर घरी आणलं. चाचांचा तो प्रश्न मात्र मी सोडला नाही. तेव्हापासून एखादी वस्तू हातात घेतली की मी आधी विचार करतो, ही आत्ता परत दिली तर उद्या नवी म्हणून विकली जाईल का? आपल्याकडे घोड्याच्या सामानाची दुकानं मोजकीच. बराचसा माल यात्रेत, पालाखाली, कानपूर नाहीतर राजस्थानकडून आलेला मिळतो. जांगड देण्याची पद्धत टिकली ती विश्वासावर, आणि नव्या माणसाला खरी गरज असते ती तिचीच. म्हणून नव्याने घोडा पाळणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

घरून निघण्याआधी मापं घ्या

घोड्याला घालून पाहण्याची वेळ जितकी कमी येईल तितकं बरं, आणि त्यासाठी मापं लागतात. खोगिरासाठी दोन-अडीच फूट लांबीची, जाड पण वाकणारी वायर घ्या. घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा भार देऊन, मान सरळ ठेवून उभा करा. खांद्याच्या पात्यामागे तीन बोटं सोडून वायर पाठीवर आडवी ठेवा आणि दोन्ही बाजूंनी दाबून पाठीचा आकार घ्या. तो अलगद उचलून जाड पुठ्ठ्यावर ठेवा, पेन्सिलीने आखा आणि कापा. दुसरा आकार त्याच्या एक वीत मागे, तिसरा शेवटच्या बरगडीपाशी. प्रत्येक पुठ्ठ्यावर डावं-उजवं आणि तारीख लिहून ठेवा. बऱ्याच घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, तेही इथेच दिसून येतं.

दुकानात हा पुठ्ठा खोगिराच्या पोटाखाली धरला की निम्मी खोगिरं घोड्याच्या अंगाला न लागता बाद होतात. विकणाऱ्यालाही त्यामुळे समजतं की समोरचा माणूस वेळ घालवायला आलेला नाही.

लगामाच्या तोंडातल्या लोखंडाचं माप दोरीने घ्या. ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी तोंडात धरायची, दोन्हीकडे खूण करायची आणि मोजायची. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच मोकळं राहील असं लोखंड निवडायचं. त्याहून अरुंद असेल तर ओठ चिमटतात, फार रुंद असेल तर ते तोंडात इकडेतिकडे सरकतं. डोक्याच्या पट्ट्यांसाठी शिंप्याची टेप पुरते: ओठाच्या एका कोपऱ्यापासून कानांमागून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. रिकिबीसाठी आपल्या बुटाची सर्वांत रुंद जागा मोजा आणि त्यात एक इंच मिळवा. त्याहून अरुंद रिकिबीत पडताना पाय अडकतो, फार रुंद असली तर पाऊल आरपार जातं.

हात लावण्याआधी बोलून घ्या

यात्रेत जनावराचा सौदा रुमालाखाली बोटं धरूनही होतो. सामानाच्या अटी मात्र उघड आणि मोठ्याने बोलाव्यात. गेल्या गेल्या खोगीर उचलून खांद्यावर टाकू नका. आधी रामराम, सलाम. वयाने मोठे असतील तर चाचा, मामा. बरोबरीचे असतील तर भाऊ, भैया. मग विचारा:

"घोडीवर टाकून पाहू द्याल का? की इथेच पाहायचं?"

"राहुटीवर नेलं तर किती वेळ ठेवू? अनामत किती ठेवू?"

"नाही बसलं तर पैसे परत, की बदली माल?"

"ओरखडा पडला तर किती कापणार?"

शेवटचा प्रश्न विचारायला माणूस लाजतो. पण तो आपण होऊन विचारला की समोरचा निम्मा निर्धास्त होतो. ठरलेलं चिठ्ठीवर उतरवा. तारीख, वेळ, वस्तू, किंमत, अनामत आणि "जांगड" हा शब्द. देण्याआधी दोघांनी मिळून वस्तू उजेडात फिरवून पाहा, आधीचा डाग असेल तर दाखवा आणि फोटो काढा.

या चिठ्ठीला कायद्यातही वजन आहे. माल विक्री कायदा, १९३० च्या २४ व्या कलमात पसंतीवर नेलेल्या मालाबद्दल लिहिलं आहे. तुम्ही पसंती कळवली, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरायला लागलात, की तो तुमचा झाला. काहीच न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतला तरी तुमचा झाला. मुदत ठरली नसेल तर वाजवी वेळ धरतात. म्हणजे मी खोबरेल चोळलं त्या क्षणी ते खोगीर माझं झालं होतं. चाचांना कायद्याचं कलम सांगावं लागलं नाही, पण न्याय त्यांच्याच बाजूला होता.

जे देणारे नाहीत त्यांच्यावर रागावू नका. एखाद्याकडे एकाच मापाची दोन खोगिरं असतात आणि यात्रा संपायला तीन दिवस. त्यातलं एक रात्रभर तुमच्या राहुटीत पडून राहिलं तर त्याचं गिऱ्हाईक जातं.

घोड्यावर टाकताना

घोडा आधी खराऱ्याने साफ करा. पाठीवर, छातीखाली, तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्या जागी माती किंवा घाम नको. नुकताच फिरवून आणलेला असेल तर पूर्ण सुकू द्या. मग पाठीवर धुतलेली पातळ सुती चादर एकपदरी टाका. जाड झूल किंवा नमदा टाकला तर खोगीर खरं कसं बसतं ते कळत नाही. झुली टाकून न बसणारं खोगीर बसवणं म्हणजे खरीखुरी खोगीरभरती, आणि तिचा त्रास मुक्या जनावराला.

तंग आपला, जुना आणि स्वच्छ वापरा. विकणाऱ्याचा नवा तंग उगाच घामाला लावू नये. रिकिबी काढून ठेवा. काढता येत नसतील तर त्यांच्यावर जुने मोजे चढवा, नाहीतर लोखंड चामड्यावर घासून चंद्रकोरीसारखे व्रण उमटतात आणि ते जात नाहीत. खोगीर खांद्यावर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, जिथे आपोआप थांबेल तिथे राहू द्या. तंग फक्त खोगीर घसरणार नाही इतकाच ओढा. नव्या पट्ट्यात बकलाची खूण एकदा बसली की ती वस्तू वापरलेली दिसते.

आता पाहायचं काय? मानेच्या शेवटी पाठीचा जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या पुढच्या कमानीच्या मध्ये दोन ते तीन बोटं उभी जायला हवीत. हे माणूस बसलेला नसताना. माणूस बसल्यावर खोगीर आणखी खाली जातं. मागून वाकून पाहिलं तर खोगिराच्या मधल्या पन्हाळीतून आरपार उजेड दिसायला हवा. मणक्याला काहीही टेकता कामा नये. खोगिराचा पुढचा भाग खांद्याच्या पात्यामागे हवा. पुढचा पाय कुणाला तरी उचलून पुढे ताणायला सांगा आणि हात पात्यावर ठेवा, पातं मागे सरकताना खोगिराला अडतंय का ते जाणवतं. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपायला हवा, त्यामागे कमरेला आधार नसतो. आपल्याकडच्या काठेवाडी आणि लहान चणीच्या मारवाडी घोड्यांची पाठ आखूड असते, त्यामुळे शहरातून मागवलेलं लांब खोगीर नेमकं इथेच चुकतं.

शेवटी खोगिराखाली तळहात घालून पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. मध्ये हात सैल जाऊन पुढे-मागे घट्ट अडकत असेल तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर टेकलंय. मध्येच घट्ट असेल तर झोपाळ्यासारखं डुलेल. घोड्याकडेही लक्ष असू द्या. कान मागे टाकणं, पोटाकडे तोंड वळवणं, शेपटी आपटणं, हे त्याचं बोलणं आहे.

चढून पाहायचं असेल तर वेगळी परवानगी घ्या. मिळाली तर स्वच्छ सुती विजार घालून, पायरीवरून किंवा उंचवट्यावरून अलगद बसा. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन लटकत चढलं तर नव्या खोगिराचा एका बाजूचा पट्टा ओढला जातो. चार पावलं चालवा, उतरा. दौड नाही.

आणि तेल, मेण, साबण, पॉलिश काहीच नाही. भोकं पाडायची नाहीत. पट्टा एक भोक कमी पडला तर सुईने टोचून पाहू नका, विकणाऱ्याला सांगा.

लगाम तोंडात घालायचा नाही

नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. लगाम घेतला आणि घोड्याच्या तोंडात दिला. एकदा लोखंडाला लाळ आणि दाताची खूण लागली की तो लगाम परत करता येत नाही, करूही नये. डोक्याच्या पट्ट्या घोड्याच्या गालाशेजारी धरून लांबी पाहा. लोखंड ओठांसमोर आडवं धरून रुंदी पाहा. बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या याव्यात, गळपट्ट्यात चार बोटं आणि नाकपट्ट्यात दोन बोटं जावीत, एवढा अंदाज टेपने येतो. नाहीच आला तर लगाम विकत घ्या आणि चुकला तर तो आपला समजा.

यात फक्त विकणाऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न नाही. यात्रेत शेकडो घोडे, खेचरं, गाढवं एकत्र येतात आणि रोग लाळेतून, नाकाच्या स्रावातून, घामेजल्या कातड्यातून पसरतात. ग्लँडर्स हा जिवाणूमुळे होणारा रोग घोड्या-गाढवांसाठी जीवघेणा आहे, माणसालाही होतो, आणि त्यावर लस नाही. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्यात तो कळवण्याजोग्या रोगांत आहे आणि बाधित जनावर मारावं लागतं. सामायिक पाण्याचं भांडं आणि सामान, दोन्हींतून तो जाऊ शकतो. स्ट्रँगल्समध्ये जबड्याखाली गाठी येऊन फुटतात, तोही तसाच पसरतो. गजकर्ण तर खोगीर, खरारा, तंग यांच्यावरून सहज जातं.

म्हणून माझे नियम कडक आहेत. घोड्याचं नाक वाहत असेल, ताप असेल, जबड्याखाली गाठ असेल, अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील, तर त्याच्यावर दुसऱ्याचं काहीही घालून पाहू नका. पुठ्ठ्यावर भागवा. आजार नंतर लक्षात आला तर विकणाऱ्याला जाऊन सांगा, पैसे भरावे लागले तरी सांगा. शेजारच्या राहुटीतून "जरा बघतो" म्हणून लगाम मागून आणू नका. जुनं सामान विकत घेतलं तर लोखंड साबण आणि गरम पाण्याने, कापडी भाग उकळत्या पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. चामडं पुसून सुकवा, पण तेही घोड्याला लावण्याआधी.

स्वतः घालून पाहायच्या वस्तू

हेल्मेट घालून पाहायला जाताना डोक्याला तेल नको. आपल्याकडे ही सवय मोडायला जड जातं, पण खोबरेलाचा डाग आतल्या अस्तरातून निघत नाही. केस धुऊन सुकवा आणि पातळ रुमाल बांधून घाला. पट्टा न लावता मान हलवा. हेल्मेट कपाळाची कातडी घेऊन हललं पाहिजे, नुसतं सरकू नये. हातातून निसटून फरशीवर आपटलं तर गुपचूप मांडणीवर ठेवू नका. आतला थर दबला असेल तर बाहेरून दिसत नाही, आणि पुढे ते कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर जाईल. विकणाऱ्याला सांगा आणि किंमत द्या.

बूट मोज्यांसह, सतरंजीवर उभं राहून. माती, शेण, ओली जमीन नको. गुडघे वाकवून खोगिरात बसल्यासारखे बसून पाहा. नवा उंच बूट गुडघ्यामागे थोडा टोचतो. घोट्याशी वळी पडल्या की तो खाली बसतो.

परत करताना

ठरल्या वेळेआधी जा. यात्रेत तर हे फारच महत्त्वाचं. माळेगावचा बाजार खंडोबाच्या यात्रेपुरता भरतो, वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास, आणि पाल उठलं की तो माणूस कुठे जाईल सांगता येत नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक येण्याच्या वेळी परत करायला गेलात तर बोहनी मोडते. थोडं थांबून, गर्दी नसताना गेलेलं बरं. शक्यतो स्वतः जा. पोराच्या हाती खोगीर पाठवून "नको म्हणाले" असा निरोप देणं म्हणजे उपकाराची परतफेड अपमानाने करणं.

जाण्याआधी कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा आणि चिकटलेला प्रत्येक केस वेचा. पट्ट्या जशा गुंडाळल्या होत्या तशाच गुंडाळा. लेबल, पिशवी, खोका सोबत हवा. मग कारण नीट सांगा. "आवडलं नाही" म्हणण्यापेक्षा "पुढची कमान अर्धा इंच अरुंद पडते" म्हटलं तर त्यांना पुढच्या वेळी कुठला माल आणायचा ते कळतं, आणि कित्येकदा ते तिथल्या तिथे दुसरं बसणारं काढून देतात. त्यांनी उलटवून तपासलं तर वाईट वाटून घेऊ नका. डाग पडला असेल तर त्यांनी शोधायच्या आत तुम्हीच दाखवा.

भाव पाडण्यासाठी परत करण्याची धमकी देऊ नका. घासाघीस घ्यायच्या वेळी करावी. दुकानात तासभर मापं घेऊन, सल्ला घेऊन तीच वस्तू मोबाइलवरून स्वस्तात मागवणं मला चोरीच्या जवळचं वाटतं. तिथून घ्यायची असेल तर मापंही घरीच घ्या.

तुमच्या मापाने शिवून घेतलेलं खोगीर किंवा नाव घातलेला पट्टा परतीचा नसतो. माप तुम्ही चुकीचं दिलं तर ती चूक तुमची. त्यांनी चुकवलं तर दुरुस्ती त्यांची. पार्सलने आलेली वस्तू परत पाठवताना आधी फोन करा, आली तशी बांधा, खोगीर असेल तर कमानीत कागदाचे बोळे भरा आणि पावतीचा फोटो पाठवा. न बसल्यामुळे परत करत असाल तर जाण्या-येण्याचा खर्च आपण द्यावा.

माल सदोष निघाला तर

इथे संकोच करायचा नाही. खोगिराचा आतला सांगाडा तुटका आहे का हे घेतानाच पाहा: पुढची कमान दोन हातांनी दाबली तर जराही चाळवू नये. मागचा भाग पोटाशी धरून ओढला तर थोडा लवचिकपणा चालतो, पण चामड्यावर आडवी घडी पडून कडकड आवाज आला तर ते घेऊ नका. तंगाच्या पट्ट्यांची शिवण ओढून पाहा, लगामाच्या लोखंडाच्या सांध्यांवरून बोट फिरवा, करकरीत कड लागली तर तीच घोड्याच्या जिभेला लागेल.

बिल मागून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन विक्रेत्यांसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यावाच लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. निव्वळ धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, पण वरातीच्या घोडीवर स्वतः राबून पोट भरणाऱ्याने आपल्या रोजीरोटीसाठी घेतलेलं सामान त्यात बसतं. फक्त घोड्याला न बसणं हा दोष नाही, एवढं लक्षात ठेवा. तिथे हा ग्राहक कायदा नाही, तुमचं आणि विकणाऱ्याचं आधी ठरलेलं बोलणंच चालतं.

खोगीर बसलं आणि घेतलं, तरी तो पुठ्ठा फेकू नका. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो, घोडी व्याली की पाठ बदलते. सहा महिन्यांनी नवी वायर घेऊन पुन्हा आखा आणि जुन्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहा. फरक बोटभर दिसला तर खोगीर काढून थेट त्याच माणसाकडे न्या, गादी भरून घ्यायला, आणि दोन्ही पुठ्ठे सोबत असू द्या.